मोतीरामकाकांचा कुतुबनुमा

मोतीरामकाकांना भेटायचं म्हणजे आधी अंगावरचं लोखंड उतरवायचं. "बाई, लोखंड दूर," हे त्यांचं पहिलं वाक्य, नमस्कार त्यानंतर. किल्ल्या, मोबाइल, पर्समधली छोटी कात्री, केसांतल्या पिना, एवढंच काय, पदराला लावलेली सेफ्टी पिनसुद्धा. सगळं एका रुमालावर मांडायचं आणि तो रुमाल वीस पावलं लांब नेऊन ठेवायचा. मावल्याच्या तळ्याच्या बांधावर सकाळी फिरायला येणारे अर्धे लोक माझ्या विद्यार्थ्यांचे पालक किंवा माझे माजी विद्यार्थी. त्यांच्यासमोर एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने सुटलेले केस सावरत मी उभी राहायची, आणि काका तळहातावरच्या डबीत डोळे घालून गोल गोल फिरायचे. रविवारी असं किती वेळा उभं केलंय त्यांनी मला, ते आठवलं की आजही डोकं तापतं.

मी आदिलाबादच्या एका शाळेत समाजशास्त्र शिकवते. आम्ही चार-पाच शिक्षक रविवारी डोंगरात भटकतो. एकदा बाजारहत्नूरकडच्या सागाच्या जंगलात आम्ही वाट चुकलो. सगळ्या टेकड्या एकसारख्या आणि मोबाइलला रेंज नाही. भलत्याच गावात बाहेर पडलो तेव्हा दुपार कलली होती आणि पाणी संपलं होतं. मग एक चांगलं होकायंत्र घ्यायचं ठरलं. कुणीतरी म्हणालं, सर्वे खात्यातून निवृत्त झालेले मोतीरामकाका आहेत, त्यांना विचारा. मी विचारलं. कोणतं घ्यावं, एवढंच. दोन वाक्यांत उत्तर मिळालं असतं तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

"होकायंत्र?" ते म्हणाले. "ते म्हंजे हो ले हो म्हननारं यंत्र का? आमच्या खात्यात त्याले कुतुबनुमा म्हनते. कुतुब म्हंजे ध्रुव, अन् नुमा म्हंजे दाखवनारा. पह्यले नाव बरोबर घ्या, मंग वस्तू घ्या."

निजामाच्या काळातले असे शब्द त्यांच्या तोंडात घट्ट बसलेले होते. मोजणीच्या साखळीला ते जरीब म्हणत आणि कुठलीही तपासणी म्हणजे मुलाहिजा. "मुलाहिजा झाल्याबिगर कुतुबनुमा पास नाई." आपल्या मराठीत मुलाहिजा म्हणजे समोरच्याची भीड, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. "तुमच्या पुस्तकात असन," असं म्हणून त्यांनी माझं सगळं शिक्षण बाजूला सारलं.

त्यांचा मुलाहिजा असा. डबीत तेल भरलेलं हवं, म्हणजे काटा थरथरत नाही. पण तेलात बुडबुडा नको. कड्यावरचे अंश चष्म्यातून सहज वाचता आले पाहिजेत. काटा आडवा, समतोल राहिला पाहिजे, एका टोकाने तळाला घासता कामा नये. लोखंडाची किल्ली जवळ नेऊन काटा हलवायचा, किल्ली दूर केली की तो जिथून निघाला त्याच अंशावर परत यायला हवा. हे दहा वेळा. मग उभं राहून चारही दिशांना तोंड करून पुन्हा. ऐकताना मला पटलं होतं. माणूस जाणता आहे, दोन रविवारांत काम होईल, असं वाटून मी खूशसुद्धा झाले होते.

पण काकांना कुतुबनुमा माझ्यासाठी निवडायचा नव्हताच. तो त्यांना स्वतःसाठी हवा होता, आणि ते कळायला मला महिना लागला.

त्यांचे वडील बाजारहत्नूरकडच्या एका खेड्यातले शेतमजूर. निजामाच्या शेवटच्या वर्षांत मोजणीचा साहेब आला की गावातून ओझ्याला माणसं धरून नेत. वडिलांच्या डोक्यावर कुतुबनुम्याची पेटी असायची. साहेबाने यंत्र तिपाईवर लावलं की वडिलांना सांगायचे, दूर हो. पेटी उचलायला विटाळ नव्हता, आत डोकावायला होता. शिवारातल्या मोठ्या चिंचेखाली यंत्र लावून साहेबाने अंश ओरडून सांगितले, समोरच्या टेकडीपर्यंत जरीब ओढली गेली, आणि माथ्यावर फुली कोरलेला हद्दीचा दगड वडिलांनी पाठीवर नेऊन उभा केला. लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते आकडे पाठ केले आणि पोराकडूनही पाठ करून घेतले. दोनशे अठरा अंश, दीडशे जरीब. काका हे सांगताना खुर्चीत ताठ बसत.

"बापानं पेटी वाह्यली पन काटा नाई पाह्यला," ते म्हणाले. "मले त्या चिंचेखाली उभं राहून तो काटा पाहाचा हाये. अन् पाहत पाहत दगडापर्यंत जाचं हाये. माह्या पायानं. बस."

मी विचारलं, मग इतकी वर्षं सर्वे खात्यात होतात, तेव्हा का नाही गेलात? तर म्हणे, "सरकारी कुतुबनुमा सरकारी कामालेच. घरच्या कामाले कसा नेऊ?" तीस वर्षं हा माणूस कुतुबनुमा खांद्याला लावून जिल्हाभर फिरला, आणि स्वतःच्या बापाच्या दगडाकडे एकदाही तो रोखला नाही. अशा प्रामाणिकपणाला काय म्हणावं? मला तर त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. कुतुबनुम्याशिवाय, नुसत्या डोळ्यांनी दगड शोधायला ते दोनदा गेले होते म्हणे, पण त्या टेकड्या सागाने आणि घाणेरीने अशा भरल्यात की दिशा धरल्याशिवाय एक दगड सापडणं अशक्य. कचेरीतल्या जुन्या उर्दू कागदांतलं ते पान वाळवीने खाल्लेलं. काकांचं वय बहात्तर, त्यात छातीचं दुखणं. डॉक्टरांनी चढ जपून चढा म्हणून सांगितलं होतं. वेळ फार नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

म्हणून मी कामाला लागले. काकांना मोबाइलवरून काही मागवता येत नसे, त्यामुळे मागवायचं मी, रविवारी बांधावर न्यायचं मी, आणि नापास झालं की परत पाठवायचं मीच. त्यांची पाठही दुखायची. गुडीहत्नूरच्या एका प्रदर्शनात कमरेचा पट्टा मिळत होता. विकणारा म्हणाला, "मॅडम, इसमें ऐसी ताकत है, आठ दिन में दर्द खतम." मी तो घेतला आणि दिवाळीला काकांना दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. मला बरं वाटलं.

पहिला कुतुबनुमा साध्या दुकानातला, तो नापास व्हायलाच हवा होता. दुसरा मात्र चांगला जाडजूड, पितळी झाकणाचा. काकांनी तो हातात धरला, उत्तरेला तोंड केलं, मग पूर्वेला, मग दक्षिणेला, आणि मान हलवली.

"हा खुशामती हाये."

"म्हणजे?"

"मी फिरलो का काटा माह्यासंगं फिरते. उत्तर सोडून मानसाकडे पाहते. असे लय पाह्यले कचेरीत."

तिसरा आळशी निघाला, चौथा "पिऊन आल्यावानी" डुलत होता. पाचव्यावर त्यांनी फार आशा ठेवली होती. त्यात आरसा होता, दूरची खूण धरायला खाच होती. तोही तीस अंशांनी चुकला. मोबाइलमधला कुतुबनुमा त्यांना दाखवला, तर त्यांच्या हातात जाताच तोही वेड्यासारखा फिरायला लागला. "पाहा," ते विजयी मुद्रेने म्हणाले, "यालेबी लाज नाई." मधे परीक्षा आल्या, ऊन आलं, काकांना पंधरा दिवस ताप आला. मी म्हटलं, निदान एकदा गावाकडे जाऊन जागा तरी बघून येऊ. "कुतुबनुमा कायम झाल्याबिगर तिकडे पाय नाई ठेवाचा," ते म्हणाले. संपला विषय.

सहाव्याच्या वेळी माझा तोल गेला. कारण तोच कुतुबनुमा घरी माझ्या हातात खांबासारखा स्थिर होता. मी बांधावरही तो हातात घेऊन दाखवला. उत्तर म्हणजे उत्तर. काकांच्या हातात दिला की पुन्हा भलतीकडे.

"काका, माझ्या हातात बरोबर दाखवतोय! तुम्हीच काहीतरी चुकताय."

"मी?" त्यांना ते फार लागलं. "तीस वर्सं मोजनी केली, बाई. तुमच्या हातात एक बोलते, माह्या हातात दुसरं. मानूस पाहून बोलनारा कुतुबनुमा काय कामाचा? पाठवा वापस."

मी पाठवला. घरी येऊन भांडी आदळली. यांना जायचंच नाहीये, अशी माझी खात्री होत चालली होती. दगड सापडला नाही तर काय, या भीतीपोटी माणूस बिचाऱ्या यंत्रांवर खापर फोडतोय, असं मी शाळेतल्या सोबतच्या बाईंना सांगितलंसुद्धा. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

सातवा कुतुबनुमा दसऱ्यानंतर आला. त्या रविवारी पाऊस होऊन गेला होता आणि बांधावर चिखल होता. रुमाल ठेवायला कोरडी जागा नव्हती. काका म्हणाले, "आना इकडं, मीच ठेवून येतो दूर." मी पिना आणि किल्ल्या रुमालात गुंडाळून त्यांच्या हातात दिल्या. घेताना रुमाल त्यांच्या पोटाजवळून गेला आणि एक सेफ्टी पिन टुणकन उडून त्यांच्या शर्टाला चिकटली. कमरेच्या थोडी वर. तिथेच लटकून राहिली.

आम्ही दोघं त्या पिनेकडे बघत होतो. काकांनी ती काढली, सोडली. पुन्हा तिथेच चिकटली. त्यांनी शर्ट वर केला. आत मी दिलेला पट्टा होता. शिवण दाबून पाहिली तर आत सुपारीएवढे गोल खडे, एका ओळीत. चुंबक. त्या प्रदर्शनवाल्याची ताकद ती हीच. मला सांगितलं नव्हतं त्याने, आणि मीही विचारलं नव्हतं.

पट्टा सोडून लांब ठेवला. काकांनी सातवा कुतुबनुमा तळहातावर घेतला, चारही दिशांना फिरले. काटा हलला नाही. आधीचे चार-पाचही बहुतेक असेच चांगले असणार.

"पण काका, आराम पडत होता ना पट्ट्याने?" मी कसंबसं विचारलं.

"काई फरक नवता. घरी तं काढूनच ठेवत होतो, लय गरम होते. रविवारी फक्त घालत होतो."

"रविवारीच काऊन?" मीसुद्धा त्यांच्याच भाषेत ओरडले.

"तुमी देल्ला ना. तुमच्यासमोर नाई घातला तं तुमाले कसं वाटन?" मग काट्याकडे बघत ते म्हणाले, "तुमी म्हनत होत्या ते बरोबर होतं, बाई. मुलाहिजा म्हंजे भीड बी होते. मी कुतुबनुम्याचा मुलाहिजा करून राह्यलो होतो अन् तुमचा ठेवून राह्यलो होतो. दोन्ही एका टायमाले नाई जमत."

मला रडावं की भांडावं कळेना. एक वर्ष! भिडेखातर एका माणसाने एक वर्ष घालवलं, आणि तेही त्याच्याकडे फारशी वर्षं नसताना. ते मला एक शब्दही वावगा बोलले नाहीत, याचाच जास्त संताप आला.

पुढच्याच रविवारी आम्ही निघालो. काकांनी पांढरा शर्ट घातला होता, कुतुबनुमा रुमालात बांधून खिशात. गावाच्या फाट्यावर बसमधून उतरलो आणि काका चालता चालता थांबले. समोर रुंद, नवा, भर घालून उंच केलेला रस्ता होता. चिंच नव्हती.

चहाच्या टपरीवाल्याला विचारलं. "ते मोठं झाड? उन्हाळ्यात पाडलं ना. रोडवाल्यायनं मशीन लावून बुडासकट काढलं." कुठे होतं नक्की? त्याने रस्त्याच्या अलीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या एकाने पलीकडे दाखवलं. दोघांमध्ये चाळीस पावलांचं अंतर. काका लहानपणीच वसतिगृहात शिकायला गेलेले. त्यांना झाड पाठ होतं, पण झाडाभोवतीचं सगळं बदललं होतं. एका बाजूला जाळी लावलेली जुनी बावडी, पायऱ्यांची विहीर, तेवढी राहिली होती. ते कुतुबनुमा उघडून इकडे उभे राहिले, मग तिकडे. प्रत्येक जागेवरून दोनशे अठरा अंश वेगळ्या टेकडीवर जात होते.

"काटा बरोबर हाये," ते म्हणाले. "उभं कुठं राहाव तेच राह्यलं नाई."

उन्हाळ्यात. म्हणजे चौथा की पाचवा कुतुबनुमा चालू होता तेव्हा. गेल्या दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंतच्या कुठल्याही रविवारी आलो असतो तर चिंच उभी होती. मला ते सहन होईना, आणि मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख वाक्य बोलले. म्हटलं, "काका, जवळची कुठलीही टेकडी धरू. एका दगडावर फुली कोरू. तुमच्या मनाला समाधान. कोण तपासायला येतंय?"

त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच एकदा ऐकला. "माह्या बापाले पाहू देल्लं नाई, तरी त्यानं आकडा खरा ठेवला. मी डोळ्यानं पाहून खोटं करू? तुमी मास्तरीन हाये ना?"

बस आली तेव्हा ते पुढच्या सीटवर एकटे बसले. मी मागे. आदिलाबादला उतरताना "येतो" म्हणाले, बस्स.

मी नंतर फोनवर माफी मागितली. "जाऊ द्या बाई," एवढंच ते म्हणाले, आणि लगेच टेकड्यांचं विचारू लागले. कारण मी आता दर रविवारी एकटीच तिकडे जायला लागले होते. घाणेरीत हात ओरबाडून घेत दोन टेकड्या पालथ्या घातल्या. दगड हजार, फुली एकावरही नाही. काकांना चढ आता पूर्ण बंद होता. मी सोमवारी फोन करून काय पाहिलं ते सांगायची, ते अंश विचारायचे, पावलं विचारायचे, आणि माझ्या ढिसाळपणावर चिडायचे. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी फोन त्यांच्या मुलीने, शीलाने उचलला. काका पहाटे झोपेतच गेले होते.

पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. पांढऱ्या साड्या, बुद्धवंदना, समोर काकांचा नोकरीतला फोटो. भाषणं झाली. गावाकडून त्यांची थोरली बहीण आली होती, ऐंशीच्या पुढची, गावातच दिलेली आणि तिथेच म्हातारी झालेली. चिंच गेल्याचं कळलं त्या दिवशी आम्ही परतीचा चहा त्यांच्याच घरी घेतला होता. काका तेव्हा एक अक्षर बोलले नव्हते, मी रागाने भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि चहा देऊन आजी आत गेल्या होत्या. आता त्यांनी सगळ्यांसमोर माझा हात धरला.

"तुमीच का त्या बाई? मोतीराम सांगे, बाई शोधून राह्यल्या. माह्या बापाचा दगड सापडला का?"

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. शीलाने मला डोळ्यांनीच खुणावलं, हो म्हणा. होकार माझ्या जिभेवर आलाही होता. म्हातारीला बरं वाटलं असतं, आणि त्या टेकडीवर त्या काही चढून बघणार नव्हत्या.

"नाही आजी," मी म्हटलं. "नाही सापडला. चिंच कुठे होती तेच कुणाला नक्की सांगता येत नाही."

आजींनी माझा हात सोडला नाही.

"काऊन नाई सांगता येत?" त्या म्हणाल्या. "लगन होऊस्तोवर पानी भरलं मी तिथं, डोक्यावर घागर घेऊन. बावडीच्या पायऱ्यायकडं पाठ करा अन् सरळ बावीस पावलं चाला. मले कोनी इचारलंच नाई."